न विचारलेला प्रश्न

गेल्या नाताळात आमचा एक भाचा आखातातील नोकरीवरून महिनाभराच्या रजेवर घरी आला होता. त्यांच्या घरी आम्हांस जेवणाचे आमंत्रण होते. जेवण झाल्यावर त्याने मोठ्या कौतुकाने आपले कपाट उघडून दाखविले. कपाटात वरपासून खालपर्यंत चित्रपटांच्या डिस्क ओळीने लावलेल्या होत्या. घरखर्चाचे पैसे बाजूला काढून पगारातून जे उरते त्यातून तो जुने, लोकांच्या विस्मृतीत गेलेले चित्रपट जमवितो. आम्ही एक डिस्क हाती घेतली, तर तिच्यावरचे पारदर्शक वेष्टन तसेच होते. "अरे, ही तू पाहिली नाहीस?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "फादरमामा, ती उघडायची नसते. वेष्टन फाडले की तिची किंमत उतरते."

न उघडलेल्या वस्तूला उघडलेल्या वस्तूपेक्षा अधिक मोल, हे गणित आम्हांस नवे होते. आम्ही हसलो. पण त्याच रात्री त्याच कपाटातील एक चित्रपट आम्ही दोघांनी पाहिला आणि मग ते हसू टिकले नाही. त्या चित्रपटाने आमच्यापुढे जो प्रश्न ठेवला तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या डिस्कविषयी थोडेसे. मोठ्या चित्रसंस्थांच्या गोदामांत असे असंख्य चित्रपट पडून असतात की ज्यांची प्रत पुन्हा बाजारात आणणे त्यांना परवडत नाही. काही छोट्या संस्था त्यांच्याकडून तेवढ्यापुरते हक्क घेतात, मूळ फिल्मवरून चित्र नव्याने उतरवून घेतात, शक्य तेथे ओरखडे व डाग काढतात आणि संग्राहकांसाठी मर्यादित प्रती काढतात. अमेरिकेतील 'क्रायटेरियन' या संस्थेने १९८४ साली लेझर डिस्कच्या रूपाने या प्रथेस आरंभ केला. पुढे 'ट्वायलाइट टाइम' नावाची संस्था तर एकेका चित्रपटाच्या बहुधा तीन हजारच प्रती काढीत असे. ब्लू-रे डिस्कसाठी जगाचे अ, ब आणि क असे तीन विभाग पाडलेले आहेत. अमेरिका 'अ' मध्ये, आखात 'ब' मध्ये, भारत 'क' मध्ये. एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर चालेलच असे नाही. म्हणून भाच्याने सर्व विभागांच्या डिस्क वाचणारे यंत्र घेतले आहे.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणास वाटेल. पण आपल्या देशातील पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली निघाला आणि आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही, हे आठवले की जपणाऱ्यांचे महत्त्व कळते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर पुष्कळ काही नाहीसे झाले होते. दुसरी एक गोष्ट भाच्याने सांगितली. व्हिडिओ कॅसेटच्या काळात रुंद पडद्याचे चित्रपट चौकोनी दूरचित्रवाणी संचावर मावावेत म्हणून अनेकदा चित्राच्या दोन्ही बाजू कापल्या जात. नायक मध्यभागी दिसे. कडेला उभी असलेली माणसे नाहीशी होत. नव्या प्रतींत ती माणसे पुन्हा दिसू लागली. हे वाक्य आमच्या मनात राहिले.

आम्ही पाहिलेल्या चित्रपटाचे नाव 'ट्रू कन्फेशन्स', म्हणजे 'खरी पापनिवेदने'. याच नावाचे एक सनसनाटी मासिक अमेरिकेत १९२२ पासून निघत असे, त्यामुळे नावातच दुहेरी अर्थ आहे. जॉन ग्रेगरी डन या आयरिश कॅथलिक कुटुंबात वाढलेल्या लेखकाच्या १९७७ च्या कादंबरीवर तो आधारलेला असून, पटकथा डन आणि त्यांच्या पत्नी जोन डिडियन यांनी मिळून लिहिली. दिग्दर्शक उलू ग्रोसबार्ड हे बेल्जियममधील अँटवर्प येथे एका ज्यू कुटुंबात जन्मलेले. रॉबर्ट डी नीरो आणि रॉबर्ट डुव्हाल हे दोन नामांकित नट त्यात भावांच्या भूमिकेत आहेत. असे असूनही सप्टेंबर १९८१ मध्ये आलेला हा चित्रपट लवकरच विसरला गेला. तो प्रकाशित करणारी युनायटेड आर्टिस्ट्स ही चित्रसंस्था 'हेवन्स गेट' या अतिखर्चिक चित्रपटाच्या अपयशाने खचून त्याच वर्षी विकली गेली होती. शिवाय गुन्हेपट पाहावयास येणाऱ्यांना शेवटी गुन्हेगाराला बेडी पडलेली पाहावयाची असते आणि ती येथे पडत नाही. आता किनो लॉर्बर या संस्थेने काढलेल्या ब्लू-रेमुळे तो संग्राहकांच्या कपाटांत पोहोचला आहे. भाच्याने त्याच्या दोन प्रती घेतल्या होत्या. एक बंद ठेवण्यासाठी आणि एक पाहण्यासाठी.

कथा १९४० च्या दशकाच्या अखेरच्या लॉस एंजेलिसची आहे. टॉम स्पेलसी हा पोलीस खात्यातील गुप्तहेर. त्याचा भाऊ डेस हा मोन्सिन्योर, कार्डिनलचा उजवा हात. महायुद्धानंतर त्या शहराची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती आणि ख्रिस्तसभेला चर्च, शाळा उभारण्याची घाई होती. (१९४८ साली तेथे आलेले खरेखुरे आर्चबिशप जेम्स फ्रान्सिस मॅकिन्टायर यांची कारकीर्दही शाळांच्या उभारणीसाठी प्रसिद्ध आहे, चित्रपटातील कार्डिनल मात्र काल्पनिक आहे.) डेस हुशार, कामसू, व्यवहारी. बांधकामाची कंत्राटे जॅक अ‍ॅमस्टरडॅम नावाच्या श्रीमंत कंत्राटदाराकडे जातात. या गृहस्थाची पहिली कमाई कुंटणखान्यांची. आता तो प्रतिष्ठित झाला आहे. त्याच्या मुलीचे लग्न डेस स्वतः लावतो आणि वर्षातील आदर्श कॅथलिक प्रापंचिक म्हणून त्याचा सत्कारही ठरतो. पोलीस भाऊ तरी कुठे स्वच्छ आहे? एके काळी त्याच जगातील हप्त्याची रक्कम पोहोचविण्याचे काम टॉमच करीत असे.

अशात एका मोकळ्या जागेत एका तरुणीचे छिन्नविच्छिन्न प्रेत सापडते. तपास करता करता टॉमच्या ध्यानात येते की अ‍ॅमस्टरडॅमची आणि त्या मुलीची ओळख होती, आणि स्वतः डेसनेही तिला पाहिले होते. प्रत्यक्ष खुनी वेगळाच निघतो, आणि तो पोलिसांच्या हाती लागण्यापूर्वीच मरण पावलेला असतो. तरीही टॉम संतापाच्या भरात अ‍ॅमस्टरडॅमला प्रकरणात ओढतो. त्यात भावाचे नाव येणार आणि त्याचे भवितव्य संपणार, हे त्याला पुरते ठाऊक असते. तसेच घडते. चित्रपटाच्या आरंभी व अखेरीस आपण डेसला पाहतो तो पुष्कळ वर्षांनंतरचा: वाळवंटातील एका उपेक्षित धर्मग्रामात, आजारी, मरणाच्या दारी. टॉम त्याला भेटावयास आला आहे.

चित्रपट संपला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. भाचा काही वेळ गप्प बसला. मग त्याने हळूच विचारले, "फादरमामा, तुम्ही कधी असा पैसा घेतलात का?"

आम्ही त्याला त्या रात्री उत्तर दिले नाही. उशीर झाल्याचे सांगून निघालो. ते उत्तर येथे देण्याचा प्रयत्न करतो.

वाईट मार्गाने आलेला पैसा चांगल्या कामाला लावावा काय? हा प्रश्न जुना आहे आणि त्याची दोन सोपी उत्तरे प्रचलित आहेत. पहिले असे की पैशाला वास नसतो. तो कोठूनही येवो, शाळेला छप्पर झाले, मुले कोरड्या जागी बसली, पुरे झाले. दुसरे असे की अशा पैशाला हात लावणेच पाप. नाकारा आणि मोकळे व्हा. संत थॉमस अक्वायनस यांनी या दोहोंपेक्षा बारकाईने विचार केला आहे. दानधर्माच्या विवेचनात ते अशा मिळकतीचे तीन प्रकार करतात. जे धन दुसऱ्याचे आहे, चोरीने वा लुबाडणुकीने आलेले आहे, ते दान करताच येत नाही. ते ज्याचे त्याला परत केले पाहिजे. जे घेणाऱ्यानेही ठेवू नये आणि देणाऱ्यालाही परत घेण्याचा अधिकार नाही, उदाहरणार्थ पवित्र पदांच्या खरेदीविक्रीतला पैसा, ते गरिबांना द्यावे. आणि तिसरे, ज्याचा मार्ग लज्जास्पद होता पण ज्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, त्यातून दान करता येते. मात्र वेदीवर ते अर्पण करू नये, कारण त्यातून लोकांना ठेच लागते.

म्हणजे संत थॉमस यांचा पहिला प्रश्न पैसा स्वच्छ की अस्वच्छ हा नाहीच. त्यांचा पहिला प्रश्न आहे: हा पैसा कोणाचा आहे? त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

या संदर्भात संत मत्तयच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग आम्हांस नेहमी अस्वस्थ करतो. यहूदा चांदीची तीस नाणी मंदिरात फेकून जातो. तेव्हा मुख्य याजक विचार करतात की हे रक्ताचे मोल आहे, ते मंदिराच्या भांडारात टाकणे नियमाला धरून नाही. मग ते त्या पैशांतून परक्यांच्या दफनासाठी कुंभाराचे शेत विकत घेतात. किती काटेकोरपणा! नाण्यांच्या शुद्धाशुद्धतेची एवढी चिंता. आणि ज्या निरपराध माणसासाठी ती नाणी मोजली गेली, त्याची चिंता एकालाही नाही. पैसा नाकारूनही हात स्वच्छ राहत नाहीत, हे येथे स्पष्ट दिसते.

डेसचे पाप कोणते? तो चोर नाही. त्याने स्वतःसाठी काही लाटलेले दिसत नाही. त्याच्या हातून उभ्या राहिलेल्या इमारतींत मुले शिकणार आहेत. पण तो विचारीत नाही. समोरचा माणूस कोण आहे हे त्याला अंधूक माहीत आहे, आणि ते अधिक माहीत होऊ नये याची तो काळजी घेतो. वृद्ध, स्पष्टवक्त्या मोन्सिन्योरांना निवृत्त करण्याचे काम त्याच्याकडे येते, तेही तो नेटकेपणाने करतो, कारण जो विचारतो तो अशा व्यवहारात अडचणीचा ठरतो. संत थॉमस यांनी अज्ञानाचेही प्रकार सांगितले आहेत. काही अज्ञान माणसाला दोषमुक्त करते. पण जे अज्ञान माणूस आपल्या सोयीसाठी मुद्दाम पत्करतो, ते त्याचा दोष कमी करीत नाही. उलट पाप करण्याची मोकळीक राहावी म्हणून पत्करलेले असेल तर वाढविते. सेमिनरीत असताना आम्ही हा भाग परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याचा अर्थ कळावयास मध्ये तीस वर्षे जावी लागली.

काही वर्षांपूर्वी, उत्तर कोकणातील ज्या धर्मग्रामात आम्ही होतो, तेथील शाळेला दोन वर्गखोल्यांची निकड होती. पावसाळ्यात व्हरांड्यात वर्ग भरत. धर्मग्रामातील एका बांधकाम व्यावसायिकाने सारा खर्च देऊ केला. माणूस नम्र, रविवारच्या मिस्साला नियमित येणारा. कॅनन लॉच्या १२६७ व्या कलमानुसार योग्य कारणाशिवाय देणगी नाकारता येत नाही; ते कलम आम्ही स्वतःलाच मोठ्या समाधानाने ऐकविले. त्याच कलमात योग्य कारण असल्यास नाकारता येते असाही अर्थ आहे, तिकडे आम्ही वळलो नाही. खोल्या झाल्या, आशीर्वाद झाला, संगमरवरी पाटीवर नाव कोरले गेले.

महिनाभराने एका संध्याकाळी आम्ही शाळेच्या आवारातून जात असता त्या पाटीसमोर एक वृद्ध विधवा उभी दिसली. तिला वाचता येत नव्हते. "आजी, काय पाहता?" आम्ही विचारले. ती म्हणाली, "फादर, कोणाचे नाव लिहिले आहे ते मला लोकांनी सांगितले. या भिंतीत माझी वाडी आहे." नवऱ्याच्या माघारी कोणी तरी कागद आणले, तिचा अंगठा घेतला, थोडे पैसे हाती ठेवले; पुढे सातबाऱ्यावरून तिचे नाव गेले तेव्हा तिला कळले. तिने तक्रार केली नाही, रडलीही नाही. तेवढे बोलून ती रोझरीला निघून गेली.

तिचे म्हणणे सर्वस्वी खरे होते की नाही, हे आम्ही आजही शपथेवर सांगू शकणार नाही. पण एवढे निश्चित की देणगी घेण्यापूर्वी हा पैसा कोणाचा, असे आम्ही विचारले असते, तर गावात उत्तर देणारी दहा माणसे होती. आम्ही विचारले नाही, कारण उत्तर आले असते. आमच्या नैतिकतेच्या चौकटीत मध्यभागी शाळा होती, मुले होती, देणगीदार होते. ही म्हातारी कडेला उभी होती आणि ती कड आम्ही कापून टाकली होती.

मग टॉमने केले ते योग्य होते काय? त्याने सत्य उघडे केले, हे खरे. पण पूर्ण सत्य नव्हे. ज्या खुनासाठी त्याने अ‍ॅमस्टरडॅमला ओढले तो त्याने केलेला नव्हता. आणि टॉमच्या मनात न्यायापेक्षा जुना राग अधिक होता. आपल्या समाजातही कोणाचे तरी पितळ उघडे पाडण्याच्या आवेशात आपण सत्याची सेवा करीत आहोत असे मानणारे पुष्कळ असतात. सत्य बोलले म्हणून बोलणाऱ्याचा हेतू शुद्ध होत नाही, जशी देणगी शाळेला दिली म्हणून मिळकत शुद्ध होत नाही.

दोन्ही भावांच्या या झगड्यात सर्वांत अधिक विसरली जाते ती ती मेलेली मुलगी. कादंबरीकाराला ही घटना सुचली ती एलिझाबेथ शॉर्ट या बावीस वर्षांच्या तरुणीच्या प्रत्यक्ष खुनावरून. १५ जानेवारी १९४७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तिचे प्रेत सापडले आणि तो खून आजतागायत उलगडलेला नाही. वृत्तपत्रांनी तिला एक भडक टोपणनाव दिले आणि जगाला तेच नाव ठाऊक राहिले. चित्रपटातही पोलिसाला ती पुरावा म्हणून हवी आहे, वृत्तपत्रांना मथळा म्हणून, कंत्राटदाराला ती नकोच आहे. चित्रपट पाहताना आम्हीही धर्मगुरूचे काय होणार याच चिंतेत होतो. तिच्यासाठी एक 'प्रणाम मरिया' म्हणावी हे आम्हांस घरी आल्यावर सुचले.

शेवटच्या प्रसंगात डेस आपल्या भावाला दोष देत नाही. तुझ्यामुळे माझे वाटोळे झाले असे तो म्हणत नाही. उलट आपण जे विसरलो होतो त्याची आठवण तुझ्यामुळे झाली, अशा आशयाचे तो बोलतो. भावाने रागाने केलेल्या कृत्यातूनही देवाने त्याला त्याचे धर्मगुरूपण परत दिले. पण त्यासाठी मोन्सिन्योरपद, शहर, कीर्ती, सारे जावे लागले. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे की वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे आणि आधी भावाकडे जावे. अर्पण नाकारलेले नाही. त्याला थांबविले आहे. जक्कयनेही प्रभूला नुसते जेवण दिले नाही. ज्यांना फसविले त्यांना चौपट परत करण्याचा शब्द दिला.

हे ध्यानात आल्यावर आम्ही काय केले, असे भाचा विचारील. फार थोडे. आम्ही त्या देणगीदाराकडे गेलो आणि आजीचे म्हणणे त्यांच्या कानी घातले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा दिला आणि सारे कागद कायदेशीर असल्याचे सांगितले. पुढच्या रविवारपासून ते शेजारच्या चर्चमध्ये मिस्साला जाऊ लागले. एका वकिलाने आजीचे कागद विनामूल्य पाहिले. फार उशीर झाला असल्याचे त्यांचे मत पडले. आमची बदली झाली त्या वर्षी आजी वारली. तिचा अंत्यविधी आम्हीच केला.

आज आम्ही जेथे आहोत तेथील वित्त समितीत एक रिवाज घातला आहे. मोठी देणगी आली की समितीतील एक जण उभा राहून विचारतो: "हा पैसा कोणाचा?" पहिल्या वेळी सगळे अवघडले. एक वडीलधारे सभासद म्हणाले, "फादर, असे विचारले तर कोणी काही देणार नाही." तसे अजून तरी झालेले नाही, मात्र एक देणगी आम्ही घेतली नाही आणि सभागृहाची गच्ची अजून गळते आहे.

वाचकहो, हा प्रश्न केवळ धर्मगुरूंचा नाही. मुलाच्या पगारापेक्षा त्याचे घर मोठे दिसू लागते तेव्हा, स्वस्तात मिळालेल्या जमिनीचे कागद हाती येतात तेव्हा, जावयाच्या धंद्याविषयी कोणी काही बोलू पाहते तेव्हा, प्रत्येक कुटुंबात हा प्रश्न दाराशी येऊन उभा राहतो. आपण त्याला आत घेत नाही, कारण घरात पाहुणे असतात. भाचा रजा संपवून परत गेला, बंद डिस्कही सोबत घेऊन गेला. ईस्टरला त्याचा फोन येईल तेव्हा त्या रात्रीचे उत्तर आम्ही त्याला देणार आहोत: होय, एकदा घेतला होता.